पोट दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस

अगं बाळा,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस की आमवातामुळे सकाळी बोटं इतकी आखडलेली असतात की पेस्टचं झाकणसुद्धा उघडत नाही, म्हणून उठल्या उठल्या दोन घास पोटात ढकलायचे आणि पेनकिलर घ्यायची, दुपारी परत ठणकायला लागलं की घरात पडलेल्या गोळ्यांच्या दुसऱ्या स्ट्रिपमधली एक, आणि पोटाला काही त्रास नाही गं, खाऊनच घेते. तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाहीये.

खाऊन घेतली की गोळी बाधत नाही असं मलाही कितीतरी वर्षं वाटायचं. खाल्ल्याने मळमळ, जळजळ कमी होते हे खरं. पण ही गोळी नुसती जठरात पडून तिथे टोचते असं नाही, ती रक्तात जाऊन काम करते. सूज आणि दुखणं वाढवणारं प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन शरीरात बनतं, ते बनणंच ती कमी करते. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं असं काम करतात हे शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आता गंमत नाही तर काळजीची गोष्ट अशी की त्याच जातीचं रसायन जठराच्या आतल्या अस्तरावर चिकट थर टिकवून ठेवतं, तिथला रक्तपुरवठा सांभाळतं. म्हणजे सांध्यातली सूज उतरवताना पोटाचं कवचही पातळ होतं. म्हणून तर इंजेक्शन घेतलं तरी अल्सर, म्हणजे पोटाच्या अस्तराला जखम, होऊ शकतो.

माझं सांगते. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक नावाची पेनकिलर चालू होती, त्यात दाढ दुखायला लागली, दाताच्या डॉक्टरांनी आयब्युप्रोफेन दिलं, तीही पेनकिलरच. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही, दहा-बारा दिवस दोन्ही घेत राहिले. पोट एकदाही दुखलं नाही. फक्त जिना चढताना धाप लागायला लागली, मला वाटलं वयाचं असेल. मग एका सकाळी शी अगदी काळीकुट्ट झाली, डांबरासारखी चिकट, पाणी टाकलं तरी भांड्याला धरून बसलेली, आणि वास नेहमीचा नव्हता. हिमोग्लोबिन साडेसहा निघालं, खूपच कमी. एंडोस्कोपीत अल्सर दिसला, त्यातून कितीतरी दिवस थोडं थोडं रक्त जात होतं. दुखलं कसं नाही म्हणून मी डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, पेनकिलर चालू असली की अल्सरचं दुखणंही झाकलं जातं, काहींना पहिलं लक्षण म्हणून थेट रक्तस्रावच होतो.

म्हणून आधी त्या दोन्ही स्ट्रिप हातात घे. वर मोठ्या अक्षरात कंपनीने ठेवलेलं नाव असतं ते सोड, मागे बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं ते वाच. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, इंडोमेथॅसिन ही सगळी एकाच घरातली भावंडं, यातली दोन एकत्र घेतली तर दुखणं दुप्पट कमी होत नाही, धोका मात्र वाढतो. काही गोळ्यांत पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं, ते वेगळं अजून घेतलं की डोस नकळत जास्त होतो आणि लिव्हरवर येतं.

तुझ्या बाबतीत मला जास्त धाकधूक यासाठी आहे की तुला सध्या स्टेरॉइडही चालू आहे. ते आणि पेनकिलर सोबत असले की अल्सरचा धोका चांगलाच वाढतो. (स्टेरॉइड मात्र घाबरून स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नकोस हं, ते वेगळंच संकट होईल.) रक्त पातळ करायच्या गोळ्या, डिप्रेशनच्या काही गोळ्या, आधी कधी अल्सर झालेला असणं, वय पासष्टच्या पुढे, अशांनाही हेच लागू. डॉक्टरांना सरळ विचार की मला पोटाच्या संरक्षणाची गोळी हवी का. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल वगैरे. दिली तर ती खाण्याआधी साधारण अर्धा तास, न चावता, आणि पेनकिलर चालू आहे तोवर सांगितली तशी रोज, जळजळ झाली की मग असं नाही. जळजळीवरचं पातळ औषध बरं वाटायला ठीक आहे, अल्सर ते अडवत नाही. आधी अल्सर झालेला असेल तर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणीही करतात.

एटोरिकॉक्सिब, सेलेकॉक्सिब या पेनकिलर पोटाला तुलनेने सौम्य आहेत, पण त्याच गटातलं रोफेकॉक्सिब हृदयाच्या धोक्यामुळे २००४ मध्ये बाजारातून काढून घेतलं होतं, तेव्हा कुणी म्हणालं म्हणून तेही सुरू करू नकोस. बीपी आणि किडनीवर लक्ष सगळ्यांतच ठेवावं लागतं. उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी गेलं असेल त्या दिवशी पेनकिलर थांबव आणि डॉक्टरांना फोन कर. बोटांच्या सांध्यांना डायक्लोफेनॅकचं जेल चालेल का तेही विचार, त्यातलं रक्तात फार थोडं जातं.

आणि एक, पेनकिलरने सकाळ सुसह्य होते पण आमवात सांधे झिजवत असतो ते ती थांबवत नाही. ते काम मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांचं, ती चुकवू नकोस. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज तर चुकूनही घेऊ नकोस. ही औषधं नीट लागू पडली की पेनकिलर आपोआप कमी होत जाते, माझ्या ओळखीत दोघींची झाली. ही औषधं चालू असताना मूल हवं असा विचार असेल तर मात्र खूप आधी डॉक्टरांशी बोल.

काळी शी, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, चक्कर, एकदम पोटात कळ, यातलं काही झालं तर सकाळची वाट बघू नकोस, तडक हॉस्पिटल. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते पण ते ठरवायचं काम आपलं नाही.

आज रात्री त्या दोन्ही स्ट्रिप उलट्या ठेवून मला फोटो पाठव, मागचं छापलेलं नीट दिसेल असा. आणि डॉक्टरांकडे जाताना चालू आहे ते सगळं पिशवीत घालून ने, जेलसकट.

तुझी,
मावशी