फोल्डिंग बॉक्स मजबूत करायचेत? आधी जाड प्लाय डोक्यातून काढा

तुमचा प्रश्न असा की घरात आणि गाडीत ठेवायला घेतलेले फोल्डिंग स्टोरेज बॉक्स (एक कापडी, एक प्लास्टिकचा) वजन टाकलं की खालून झोळ खातात, बाजू फाकतात, तर ते मजबूत कसे करायचे आणि तरी पटकन उघडता-मिटता आले पाहिजेत. त्यावर आधीच्या उत्तरात एकानं लिहिलंय, आतून बारा एमएमचा प्लाय मारा, स्क्रू लावा, विषय संपला. हे वाचून गप्प बसवेना, कारण हेच वाक्य आमचे दाजी प्रत्येक दिवाळीला अक्काच्या घरी फराळाच्या ताटावर मला ऐकवतात.

आमचा टॉवेल-चादरीचा छोटा धंदा आहे. माग वगैरे नाही, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांतून माल उचलायचा आणि स्टॉल लावून विकायचा. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला होम मैदानावर गड्डा, म्हणजे जत्रेचा बाजार, भरतो तिथं, मग पुणं, कोल्हापूर, जिथं प्रदर्शन असेल तिथं. सोलापुरी चादर हातात घेऊन बघा, किलो-सव्वा किलोची असते, पंधरा चादरी टाकल्या की बॉक्स वीस किलोच्या आसपास जातो. आणि जाताना टेम्पो भरून गेला तरी येताना माल विकलेला असतो, मग रिकाम्या खोक्यांचं भाडं कोण भरणार? म्हणून फोल्डिंग. हौस म्हणून नाही.

तर दाजींचं फर्निचरचं काम. माणूस चांगला, हात तर लईच चांगला, पण जगातल्या प्रत्येक प्रश्नाला त्यांचं उत्तर प्लाय. मी डिप्लोमा केलेला, त्यामुळं मी बोललो की ते म्हणणार "तू पुस्तकातलं सांगू नको". आम्हाला बॉक्स पाहिजेत म्हटल्यावर त्यांनी कुणाला न विचारता करून पाठवले. बारा एमएमचा प्लाय, चार बाजू, तळ वेगळा, तळाला बिजागऱ्या, कोपऱ्यांना नट-बोल्ट. दिसायला एक नंबर, पॉलिश पण मारलेलं. दोन फूट बाय सव्वा फूट, फूटभर उंच बॉक्सला जवळपास नऊ चौरस फूट प्लाय लागतो, म्हणजे झाकण नसताना सहा-सात किलो. वीस किलो माल आणि सात किलो लाकूड. मी तेव्हाच म्हटलं, "दाजी, हे उचलणार कोण?" तर म्हणाले, "उचलायला हमाल असतात, बॉक्स मोडला तर हमाल काय करणार?"

गड्डा संपायच्या रात्री काय होतं ते ज्यांनी स्टॉल लावलाय त्यांनाच माहीत. सगळे एकदम आवरायला लागतात, लाईट कधी बंद होईल सांगता येत नाही, टेम्पोवाला हॉर्न वाजवत उभा, शेजारचा पाळणा सुटा करणारे लोक तुमच्या पायात पाईप टाकतात. आणि आम्ही त्या धुळीत पाना घेऊन बसलोय, एकेका बॉक्सचे बोल्ट सोडतोय. नट मातीत पडला की गेला. त्यातच एका बॉक्सच्या तळाची बिजागरी अख्खी उपटून हातात आली, कारण स्क्रू प्लायच्या कडेत मारलेले. प्लायच्या कडेत स्क्रू धरत नाही, थर फाकतात, हे फर्निचरवाल्याला मी सांगायची गरज नाही खरं तर, पण जाड आहे ना, धरेल, असा हिशोब. दाजी दुसऱ्या दिवशी बघायला आले आणि म्हणाले काय, तर "अठरा एमएम घ्यायला पाहिजे होता." मी काही बोललो नाही. अक्का समोर होती.

पुढच्या वर्षापासून ते बॉक्स कुणी मिटलेच नाहीत. हाच माझा खरा मुद्दा आहे. फोल्डिंगचा बॉक्स मिटायला अवघड झाला की माणूस तो मिटायचं सोडून देतो, मग साधं खोकं घेतलेलं काय वाईट होतं? मजबुती वाढवायला जो तुकडा टाकाल त्याच तुकड्यानं बॉक्स उभा राहिला पाहिजे. मजबुतीचं सामान वेगळं आणि जोडणीचं सामान वेगळं असं केलं की दाजींचा बॉक्स तयार होतो.

आता जाडीचं. जाडी दुप्पट केली की फळी आठपट ताठ होते, हे खरं आहे, दाजी अगदीच खोटं बोलत नाहीत. पण त्याच पातळ फळीला मधोमध एक आधार दिला, म्हणजे टेकूंमधलं अंतर निम्मं केलं, तर पसरून ठेवलेल्या वजनाखाली तिचा झोळ सोळाव्या हिश्श्यावर येतो. एक पट्टी, दोनशे ग्रॅम वजन. आणि जाडी दुप्पट केली की वजन दुप्पट. यात पुस्तकी काय आहे सांगा? नवारीच्या बाजेला पण मधे नवार ढिली पडली की खाट जाड करत नाही कुणी, नवार ताणतात.

बाजूंचं तर अजूनच वेगळं. बॉक्सवर बॉक्स ठेवला की वजन बाजूच्या मधल्या भागातून कमी आणि कोपऱ्यांतून जास्त उतरतं, कारण मधली भिंत बाहेर फुगून अंग काढून घेते. सांगोला, पंढरपूरकडून डाळिंबाचे पुठ्ठ्याचे बॉक्स येतात ते नीट बघा, हवेची भोकं बाजूच्या मधे असतात, कोपऱ्याजवळ नसतात. आणि रचताना कोपऱ्यावर कोपरा आला पाहिजे, विटांसारखे सांधे मोडून रचले तर दिसायला थप्पी पक्की वाटते पण खालचा पुठ्ठा लवकर बसतो. त्यामुळं सगळी भिंत जाड करणं म्हणजे जिथं वजन येत नाही तिथं पैसे टाकणं.

मी जे केलं ते सांगतो, गाड्यांचे सुटे भाग पाठवायला कंपन्या मोठ्या मापात असंच वापरतात, शोध माझा नाही. खाली ट्रे, वर तसाच दुसरा ट्रे झाकण म्हणून, आणि मधे चार बाजूंची एकसंध पट्टी, जी आडवी सपाट मिटते. बाजूंना पाच एमएमची सनपॅक शीट घेतली, ती आतून नळ्यानळ्यांची पॉलिप्रॉपिलीनची असते ती, इलेक्शनच्या वेळी खांबाखांबाला टांगतात तीच. निकाल लागल्यावर फ्लेक्सवाल्याकडं ढिगानं पडलेली असते आणि फुकट मिळते. आमच्या अर्ध्या बॉक्सच्या आतल्या अंगाला एक पडलेले उमेदवार हात जोडून उभे आहेत, माल काढताना गिऱ्हाईक हसतं, असू दे. फक्त त्या पाट्या बऱ्याचदा तीन एमएमच्या असतात, वजनदार मालाला दोन थर करा नाहीतर सरळ पाचची विकत घ्या.

नळ्या उभ्या आल्या पाहिजेत. आडव्या ठेवल्या तर बाजू वरच्या वजनानं लगेच दुमडते, हे लोक सगळ्यात जास्त विसरतात. कोपऱ्यावर नळीच्या रेषेत बाहेरचा पापुद्रा कटरनं कापायचा आणि आतला तसाच ठेवायचा, तीच बिजागरी. हे प्लास्टिक वारंवार दुमडलं तरी सहज तुटत नाही, शाम्पूच्या बाटलीचं टिचकीचं झाकण त्याचंच असतं. वेगळी बिजागरी, पिन, स्क्रू काहीच नाही.

ट्रेला मात्र मी सहा एमएमचा प्लायच घेतला, म्हणजे प्लायशी माझं वैर नाही, दाजी उगाच तसं सांगत फिरतात. त्याच्या चारही कडांना एक इंची ॲल्युमिनियमचा अँगल (एल आकाराची पट्टी), पॉप रिव्हेटनं (हत्यारानं ओढून बसवायची मेख), आणि प्लायच्या बाजूला वायसर (वॉशर) टाकून, नाहीतर रिव्हेट लाकडात घुसते. अँगलचा उभा काठ बाजूंना बाहेरून धरतो, त्यामुळं पट्टी ट्रेत ठेवली की आपोआप काटकोनात येते आणि खालून फाकत नाही. वरचं झाकण तेच काम वरच्या काठाला करतं. उघड्या तोंडाचा बॉक्स कितीही जाड करा, एका कोपऱ्याला धरून उचलला की पिळवटतो, झाकण बसलं की तोच बॉक्स ताठ होतो. माझं तर म्हणणं आहे झाकणाशिवाय फोल्डिंग बॉक्स घेऊच नये.

कोपऱ्यांना आधार म्हणून अजून उभे अँगल लावले, पण चारही कोपऱ्यांना लावू नका हां. पट्टी मिटताना तिरपे समोरासमोरचे दोन कोपरे बंद होतात आणि उरलेले दोन सरळ सपाट होतात. जे सपाट होतात तिथं बाहेरून अँगल असला की तो अडतो आणि बॉक्स मिटतच नाही. म्हणून बंद होणाऱ्या दोनच कोपऱ्यांना अँगल, तोही एकाच बाजूला रिव्हेट केलेला, दुसरी बाजू मोकळी सरकली पाहिजे. उरलेल्या दोन कोपऱ्यांना दोन्हीकडं साध्या सपाट पट्ट्या. अँगलची उंची खालच्या ट्रेच्या काठापासून झाकणाच्या काठापर्यंत बरोबर येईल एवढी ठेवायची, म्हणजे वरच्या बॉक्सचं वजन काठातून अँगलमधे आणि अँगलमधून खालच्या काठात जातं, शीटवर फार येतच नाही. दाजींनी हे उलटंपालटं करून बघितलं आणि "बरं आहे, पण प्लायचं काम नाही हे" एवढंच म्हणाले.

मुठीसाठी बाजूला भोक पाडून तिथून उचलायचं हे माझ्या डोक्यात जातं. सगळं वजन एका फाटक्या काठावर. बॅगेला लावतात तो दीड-दोन इंची नायलॉनचा पट्टा घ्या, तळाखालून दोन ठिकाणी फिरवून वर आणा, बकल लावा, आणि त्याच पट्ट्याला धरून उचला. म्हणजे वजन तळच उचलतो, बाजूंना फक्त उभं राहायचं काम. शिवाय ते दोन पट्टे म्हणजेच वर सांगितलेला तळाचा मधला टेकू, आणि तेच झाकण घट्ट धरतात. पट्ट्याची शिलाई चौकोन मारून आत फुली अशी घ्या, एका सरळ शिलाईवर भरवसा नको. आमच्याकडं टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या काकूंनी चहा होईपर्यंत सगळे शिवून दिले. अख्खा बॉक्स झाकणासकट अडीच-तीन किलोत बसला. उघडायचा कसा हे गड्ड्यावर आलेल्या नवीन पोराला सांगावं लागत नाही, ट्रे ठेव, पट्टी उभी कर, झाकण, बकल. पाना नाही, नट नाही.

हां, तुमचा प्रश्न. तुमच्याकडं तयार बॉक्स आहेत, नवीन करायचे नाहीयेत. कापडी बॉक्सच्या तळात पुठ्ठा असतो, तो काढून त्याच मापाचा चार एमएमचा प्लाय किंवा सनपॅकचे दोन थर टाका, एकाच्या नळ्या उभ्या दुसऱ्याच्या आडव्या. एमडीएफ नको, ओल लागली की फुगतो. चिकटवू नका, मोकळा टाका, म्हणजे मिटताना निघतो. वरच्या काठाच्या शिवणीत पट्टी सरकवता आली तर बाजू फाकणं थांबेल, आणि बॉक्सला शिवलेल्या बंदांना धरून उचलण्यापेक्षा पट्टा खालून फिरवा. प्लास्टिकच्या क्रेटला बाजूच्या खुंट्या तुटल्या असतील तर फेविक्विक वगैरेत पैसे घालू नका, या प्लास्टिकला ते धरत नाही. भोक पाडून केबल टाय घाला. भोक काठापासून लांब आणि गोल असू दे, चौकोनी कापलं की कोपऱ्यातून चीर जाते. आणि बाजू तळाच्या खाचेत नीट बसल्याशिवाय वर दुसरा क्रेट ठेवू नका, नाहीतर सगळं वजन त्या खुंटीवर येतं, बहुतेक वेळा तुटतात त्या अशाच.

गाडीत ठेवणार म्हणालात म्हणून एक. ग्लू गन अजिबात वापरू नका. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यात बाहेरच बेचाळीस-त्रेचाळीस असतं, काचा बंद करून उन्हात लावलेली गाडी आतून साठच्या घरात जाते आणि तो गोंद मऊ पडतो. सनपॅक पण कायम उन्हात राहिली तर काही काळानं तडकायला लागते, आमचे बॉक्स सावलीत असतात म्हणून टिकलेत. आणि हे सगळं कपड्यासारख्या मालाला आहे, अवजारं किंवा तेलाचे डबे ठेवणार असाल तर वजन एका बिंदूवर येतं, तिथं सहा एमएमचा तळ पण कमी पडेल, तिथं आठ-नऊचा घ्या (दाजींना कळवू नका). अँगलच्या कापलेल्या टोकांना कानस मारा, घरात लहान पोरं असतील तर वरून टेप पण.

बॉक्सची लांबी-रुंदी आणि त्यात साधारण किती किलो ठेवणार ते लिहिलंत तर पट्टे तळाखाली कुठून घ्यायचे ते सांगतो.