रात्रभर चालवलं, एकदाही चुकलं नाही, मग पाठवू का?

प्रश्न: लिफ्टचे कंट्रोल बोर्ड बनवणाऱ्या छोट्या कंपनीत आहे. एकाच ड्युअल-कोर (म्हणजे दोन प्रोसेसर असलेल्या) चिपवर एका कोअरवर लिफ्टचं कंट्रोल, दुसऱ्यावर डिस्प्ले. स्पीड मोजणाऱ्या टास्कला एकट्याला ३ मिलिसेकंद लागतात, डेडलाइन १० ची. त्याच कोअरवर वरच्या प्रायॉरिटीचे दोन टास्क इंटरप्टवर, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून, येतात, एक १ घेतो आणि कमीत कमी ४ च्या अंतराने येतो, दुसरा २ घेतो, ६ च्या अंतराने. रात्रभर टेस्ट केली, जास्तीत जास्त ८.१ दिसले. साहेब म्हणतात २० टक्के मार्जिन धर, ९.७ होतात, पाठव. पाठवू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: नका पाठवू. ८.१ हे त्या रात्री दिसलेलं सगळ्यात वाईट, होऊ शकेल त्यातलं नव्हे, तिन्ही टास्क एकाच क्षणी जागे झाले तर काय हे रात्रभरात कदाचित एकदाही घडलं नसेल. ते मोजायचं नसतं, काढायचं असतं, आणि रीत आपल्या घरचीच आहे बरं का, कुलाब्याच्या टीआयएफआरचे (टाटा मूलभूत संशोधन संस्था) परितोष पंड्या आणि मथाई जोसेफ यांनी १९८६ मध्ये मांडलेली. ३ पासून सुरू करा, तेवढ्या वेळात वरचे दोघे किती वेळा घुसतील तो वेळ मिळवा, दोघे एकेकदा, ३ + १ + २, म्हणजे ६ येतात. मग ६ मध्ये किती वेळा घुसतील तो वेळ पुन्हा त्याच ३ मध्ये मिळवा, ७. मग ९, मग १०, आणि पुन्हा १०. थांबलं. म्हणजे डेडलाइनला अगदी टेकलात, आणि यात डिस्प्ले अजून धरलेलाच नाही!

कोअर वेगळे असले तरी मेमरी बस, म्हणजे मेमरीकडे जायचा रस्ता, एकच, चाळीत खोल्या वेगळ्या पण नळ एकच तसं. समजा तुमचा टास्क १०,००० वेळा मेमरीत जातो आणि दर वेळी डिस्प्लेपायी फार तर १०० नॅनोसेकंद थांबतो, झाला की १ मिलिसेकंद. ३ चे ४ झाले, वरच्या दोघांचं थांबणं सोडून दिलं तरी तोच हिशोब पुन्हा केला की ११ येतात. गेली डेडलाइन. कॅशे (चिपमधली छोटी, जलद मेमरी) सामायिक असेल तर डिस्प्ले तुमचा डेटा बाहेर ढकलतो आणि ते १०,००० सुद्धा वाढतात, म्हणून चिपमध्ये सोय असेल तर कॅशे आधी वाटून घ्या.

टेस्ट करायचीच तर डिस्प्लेच्या जागी मेमरीला सतत झोडपणारा प्रोग्राम लावून करा, साध्या डिस्प्लेने काही कळत नाही. आणि साहेबांशी बोलायच्या आधी चिपच्या मॅन्युअलमध्ये बघा, बसवर पाळीपाळीने नंबर लागतो की डिस्प्लेला कायम आधी सोडतात. कायम आधी सोडत असतील तर १०० नॅनोसेकंदवाला आकडाच धरता येणार नाही, मग डिस्प्लेला ठरावीक वेळात किती वेळा मेमरीत जाऊ द्यायचं यावरच लिमिट लावावी लागेल.