पहिल्या वर्षात आवाज सांभाळा

तुम्ही गायिका आहात आणि नाशिकमध्ये चौघांचा ऑल्टरनेटिव्ह रॉक बँड उभा करीत आहात, हे तुमच्या पत्रात वाचून आनंद झाला. सुरुवातीला तीनच गोष्टींकडे लक्ष द्या.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पट्टी. गिटारवादक आपल्या बोटांच्या सोयीने ई किंवा ए धरतो आणि गायिका मुकाट्याने त्या पट्टीत ओढाताण करीत राहते. तसे न करता तुमचा आवाज जिथे मोकळा लागतो ती पट्टी ठरवा, कॅपो (गिटारची पट्टी चढवणारा, तारांवर लावायचा चिमटा) गिटारवादकाने लावावा. सिडकोतल्या एका खोलीत, भिंतींना गाद्या टेकवून सराव करताना, ड्रमवर मात करण्यासाठी ओरडून मी महिनाभर घसा बसवून घेतला होता. त्यामुळे ड्रमचा जोर आधी कमी करायला सांगा, माइक नंतर वाढवा. माइकची जाळी मुठीत धरू नका, स्पीकरमधून शिट्टी वाजते.

दुसरी गोष्ट, स्वतःची चार गाणी पक्की झाल्याशिवाय कार्यक्रम घेऊ नका. गंगापूर रोडवरच्या कॅफेत इतरांचीच गाणी मागतात, हा मोह मोठा आहे.

तिसरी गोष्ट धीराची. आयर्लंडमधील लिमरिकच्या 'द क्रॅनबेरीज' या रॉक बँडमध्ये गायिका डोलोरेस ओरिऑर्डन १९९० मध्ये आल्या. पहिला अल्बम १९९३ मध्ये निघाला आणि ब्रिटनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर पोहोचायला १९९४ उजाडले.

पेडल्स (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची उपकरणे) आणि मिक्सिंगचे (सगळ्या वाद्यांचे आवाज जुळवण्याचे) प्रश्न सध्या बाजूला ठेवा. चार गाणी झाली की अवश्य विचारा.