एका घरात दोन राउटर

प्रश्न: सेवा कंपनीचा मोडेम राउटर पुढच्या खोलीत आहे. मागे वायफाय पोचत नाही म्हणून आणखी एक वायरलेस राउटर घेतला आणि केबलने त्याला जोडला. आता कधी एका फोनवर इंटरनेट चालतं, कधी दुसऱ्यावर. वायफायची खूण मात्र सगळीकडे पूर्ण दिसते. नव्या राउटरचं सेटिंगचं पानही उघडत नाही.

उत्तर: केबल दोन्हीकडे लॅन पोर्टात, म्हणजे घरातली यंत्रं जोडायच्या भोकात, खोचलेली असणार आणि त्यामुळे तुमच्या घरात पत्ते वाटणारे दोघे झाले आहेत. प्रत्येक फोनला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला स्वतःचा क्रमांक, लागतो आणि तो राउटरमधली डीएचसीपी ही सोय देते. ज्या फोनला नवा राउटर आधी गाठतो, त्याला तो पत्त्याबरोबर ‘बाहेर जायची वाट माझ्याकडून’ असंही कळवतो. पण बाहेरची लाइन तर जुन्याकडे आहे. म्हणून वायफाय दिसतं, इंटरनेट नाही. त्यातच दोन्ही राउटरचा मूळ पत्ता 192.168.1.1 असेल, तर तो ब्राउझरमध्ये टाकल्यावर कोण उत्तर देईल याचा नेम नाही.

मधली केबल आधी काढा. नव्या राउटरच्या मागच्या बारीक छिद्रात पिन घालून आतलं रीसेटचं बटण दिवे एकदम बदलेपर्यंत, साधारण 10 सेकंद, दाबून धरा. लॅपटॉपचं वायफाय बंद करून तो नव्या राउटरच्या लॅन पोर्टाला केबलने जोडा आणि राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या लेबलावरचा पत्ता उघडा. मेनूत ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तोच निवडा, म्हणजे नवा राउटर पत्ते न वाटता फक्त वायफाय पसरवेल. पुढची बरीचशी कामं राउटर स्वतः करतो. केबल कुठल्या पोर्टात घालायची तेही बहुधा पडद्यावरच सांगतो.

तो पर्याय नसेल तर क्रम पाळा, कारण बहुतेकांचं इथेच अडतं. आधी वायफायचं नाव आणि पासवर्ड भरा. मग लॅनच्या पानावर राउटरचा स्वतःचा पत्ता 192.168.1.2 करा, सबनेट मास्क 255.255.255.0 तसाच ठेवा, सेव्ह करा. राउटर पुन्हा सुरू झाला की नव्या पत्त्यावरून आत जा आणि सगळ्यात शेवटी डीएचसीपी बंद करा. तो आधीच बंद केलात तर लॅपटॉपला पत्ता देणारं कुणी उरत नाही, तो स्वतःच 169.254 ने सुरू होणारा पत्ता घेतो आणि पान उघडत नाही. तसं झालंच तर लॅपटॉपला हाताने 192.168.1.50 द्या, पत्ता अजून बदलला नसेल तर 192.168.1.1 वर आणि बदलला असेल तर 192.168.1.2 वर राउटर भेटेल.

मोडेम राउटर कुठून कुठपर्यंत पत्ते वाटतो, तेही बघा. त्याची यादी 2 पासून सुरू होत असेल तर ती 100 पासून करा, नाहीतर नव्या राउटरचा पत्ता एखाद्या दिवशी कुणाच्या तरी फोनला जाईल. मोडेम राउटरचा स्वतःचा पत्ता 192.168.0.1 असेल तर नव्याला 192.168.0.2 द्या. टिंबांनी वेगळे केलेले पहिले तीन आकडे दोघांचे सारखेच हवेत.

आता जुन्याच्या लॅनमधून नव्याच्या लॅनमध्ये एकच केबल. वेगळ्या रंगाचा वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरची लाइन जोडायचा, रिकामा राहील, त्यामुळे नव्यावरचा इंटरनेटचा दिवा बंद किंवा लाल दिसेल. त्याची काळजी नको. वेग वाढेल म्हणून दोघांमध्ये दुसरी केबल मात्र कधीच टाकू नका. डेटा गोल गोल फिरत राहतो आणि सगळं नेटवर्क आडवं होतं.

प्रश्न: मी केबल वॅन पोर्टात लावली, काहीही न बदलता इंटरनेट सुरू झालं. मग एवढा खटाटोप कशाला?

उत्तर: नुसतं ब्राउझिंग असेल तर चालू द्या. फक्त दोन्हीकडचे पत्ते वेगळे हवेत, म्हणजे एकीकडे 192.168.1, दुसरीकडे 192.168.2. पण अशाने घरात दोन वेगळी नेटवर्क होतात. नव्या वायफायवरच्या फोनला जुन्यावरचा टीव्ही किंवा प्रिंटर आपोआप सापडत नाही आणि बाहेरून घरातला कॅमेरा बघायला पोर्ट (हे केबलचे नाहीत, सेटिंगमधल्या आत यायच्या वाटा) दोन्ही राउटरवर, म्हणजे दोनदा उघडावे लागतात. पाहुण्यांना वेगळं ठेवण्यासाठी ही रचना करणारे बऱ्याचदा उलटं करतात. आतल्या राउटरवरून बाहेरच्या नेटवर्कमधली यंत्रं गाठता येतात, बाहेरून आतली नाही. म्हणून पाहुणे मोडेम राउटरच्या वायफायवर आणि आपली यंत्रं आतल्या राउटरवर हवीत.

प्रश्न: प्लॅन 300 एमबीपीएसचा आहे. मोडेमजवळ वेग पूर्ण, दुसऱ्या राउटरवर 90 च्या पुढे जात नाही.

उत्तर: 90 च्या आसपासचा आकडा म्हणजे मधे कुठेतरी 100 एमबीपीएसचा जोड आहे. नव्या राउटरचे पोर्ट गिगाबिट, म्हणजे 1000 एमबीपीएसचे, आहेत का ते बघा. असतील तर केबलचं टोक उजेडात धरा. पारदर्शक प्लगची क्लिप खाली करून वायरींची टोकं स्वतःच्या विरुद्ध बाजूला ठेवली, की डावीकडून पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा क्रम दिसायला हवा. 100 एमबीपीएसला चार वायरी पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. त्यामुळे निळी किंवा तपकिरी जोडी नीट बसली नसेल तर इंटरनेट चालतं, पण वेग तिथेच अडकतो. प्लग कापून नवा बसवा. कॅट 5ई केबल 100 मीटरपर्यंत गिगाबिट नेते, घरासाठी ती भरपूर झाली.

प्रश्न: दोन्ही वायफायचं नाव एकच ठेवावं का?

उत्तर: हो; नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार तिन्ही सारखे ठेवा. 2.4 गिगाहर्ट्झवर चॅनेल मात्र वेगळे हवेत, एकाला 1 तर दुसऱ्याला 6 किंवा 11, रुंदी 20 मेगाहर्ट्झ. राउटर कधी बदलायचा हे फोन ठरवतो. तो जुन्यालाच चिकटून राहत असेल तर जुन्याची ट्रान्समिट पॉवर, म्हणजे वायफायचा जोर, एक पायरी कमी करा.