आधी ओल, मग आवाज : तळघरातल्या स्टुडिओबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : तळघरातल्या खोलीत गाणं रेकॉर्ड करायची सोय करायची आहे. एका भिंतीला खालून हातभर उंचीपर्यंत लोणा लागतो आणि खोली बंद राहिली की कुबट वास येतो. जिप्सम बोर्ड लावून ही भिंत झाकली तर चालेल का?

नाही, आत्ता झाकू नका. लोणा म्हणजे पाण्याबरोबर भिंतीतून वर आलेले क्षार. पाणी उडून जातं, क्षार पांढऱ्या पुडीसारखे मागे राहतात. म्हणजे पाण्याची वाट अजून चालू आहे. त्यावर बोर्ड ठोकला की मागे हवा खेळत नाही आणि बोर्डाच्या कागदावर बुरशी धरते. ती दिसायला लागेपर्यंत बोर्डामागे भरलेलं रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) आणि लाकडी चौकट दोन्ही खराब झालेली असतात.

ओल कुठून येते ते आधी ठरवा. जाड पारदर्शक प्लॅस्टिकचे ४५ सेंमी चौरस तुकडे कापा. एक संशयित भिंतीवर आणि दोन-तीन जमिनीवर, चारही कडा टेपने घट्ट चिकटवून ठेवा. किमान १६ तास, जमल्यास दोन दिवस हात लावू नका. मग बघा : थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला असतील किंवा खालचं काँक्रीट काळपट झालं असेल, तर पाणी जमिनीतून किंवा भिंतीतून येतंय. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर ती हवेतली वाफ आहे, थंड पृष्ठभागावर जमलेली.

वाफेला डीह्युमिडिफायर पुरतो. भिंतीतल्या पाण्याचा उपाय मात्र बाहेरूनच करावा लागतो : छपराच्या पन्हळीचं पाणी पायापासून लांब न्या, बाहेरच्या जमिनीला घरापासून दूर जाणारा उतार द्या, गरज पडल्यास पायालगत निचऱ्याची नळी टाका. नुसता आतून जलरोधक लेप दिला तर मागचं पाणी तो कालांतराने फुगवून सोलून काढतं. दुरुस्तीनंतर जोराच्या पावसाचे दिवस एकदा जाऊ द्या, पुन्हा प्लॅस्टिक लावून बघा आणि मगच सुताराला बोलवा.

खोलीत आर्द्रतामापक कायमचा ठेवा. काटा ४० ते ५५ टक्क्यांत हवा. ६० च्या वर रेंगाळला की बुरशीचा धोका सुरू होतो. दमट हवेत तबल्याची पुडी उतरते, गिटारची मान वाकते आणि कंडेन्सर माइक तडतडायला लागतो.

प्रश्न : तळघरात चारही भिंतींना फोमचे चौकोन चिकटवले. तरी ड्रम वाजवले की वरच्या मजल्यावर सगळं ऐकू येतं. फोम कमी पडला का?

फोम दुप्पट लावला तरी फरक पडणार नाही. फोम खोलीतला घुमारा कमी करतो. बाहेर जाणारा आवाज अडवायला त्याच्या अंगात वजनच नाही. आवाज अडवणं आणि खोलीतला आवाज सुधारणं ही दोन वेगळी कामं आहेत. ती एक समजण्यात जितका पैसा वाया जातो तितका दुसऱ्या कशात जात नाही.

आवाज अडवायला तीन गोष्टी लागतात : वजन, हवाबंदपणा आणि मूळ इमारतीपासून तुटलेपण. एकेरी भिंतीचं वजन दुप्पट केलं तर जास्तीत जास्त ६ डेसिबलचा फायदा होतो. ड्रमसाठी तेवढ्याने भागत नाही, म्हणून खोलीत खोली बांधायची. मूळ भिंतीपासून अडीच-तीन सेंमी सोडून स्वतंत्र चौकट उभी करा, तिच्या तळाशी रबराची पट्टी घाला, पोकळीत १० सेंमी रॉकवूल सैलसर बसवा. मग आतल्या बाजूने १५ मिमी जिप्सम बोर्डाचे दोन थर, मध्ये कंपन जिरवणारं न वाळणारं संयुग. दुसऱ्या थराचे सांधे पहिल्याच्या सांध्यांवर येऊ देऊ नका. बोर्डाच्या कडेला सगळीकडे ६ मिमी फट ठेवून ती अकूस्टिक सीलंटने, म्हणजे आवाज अडवणाऱ्या लवचिक लेपाने, भरा.

हिशेब ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, २.३ मीटर उंच खोलीचा देतो. भिंती आणि छत मिळून सुमारे ४४ चौरस मीटर. दोन थरांना ८८. १.२ × २.४ मीटरचे ३१ बोर्ड लागतात, कापाकापी धरून ३४ घ्या. दोन थरांचं वजन चौरस मीटरला २० ते २५ किलो भरतं, म्हणजे एकूण जवळपास एक टन. छताचा भार नव्या भिंतींवर टाकायचा की वरच्या तुळयांवर, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय ठरवू नका. सीलंट सगळे जण कमी आणतात : ६ मिमी रुंद आणि १५ मिमी खोल फट भरताना ३०० मिलीची नळी सव्वातीन मीटरमध्ये संपते. दोन्ही थरांच्या कडा मिळून ७४ मीटर होतात, तेव्हा २२-२४ नळ्या हव्यात.

काम बिघडतं ते बारीकसारीक जागी. एक लांब स्क्रू चौकटीतून आरपार जाऊन मूळ भिंतीला टेकला की कंपनाला पूल मिळतो. बोर्ड कापून बसवलेली स्विचची पेटी म्हणजे भोकच, म्हणून बटणं पृष्ठभागावरच्या पेटीत घ्या. आणि जुनं फॉल्स सीलिंग तसंच ठेवून त्याखाली नवं छत लावू नका. मग तीन थर आणि दोन अरुंद पोकळ्या होतात आणि खर्जातला आवाज पूर्वीपेक्षा जास्त वर जातो. जुनं काढा, पोकळी एकच आणि मोठी ठेवा.

जमिनीच्या बाबतीत तळघर नशीबवान आहे. मातीवर टेकलेला काँक्रीटचा थर मुळातच जड आणि शांत असतो. त्यावर हलकी लाकडी तरंगती जमीन केलीत तर तीच ढोलासारखी वाजेल. ड्रमखाली रबरी पॅडवर ठेवलेला छोटा चौथरा पुरे.

प्रश्न : भिंती आणि छत नीट झालं, पण दाराजवळून आवाज येतोच. आणि दार पक्कं बंद केलं की अर्ध्या तासात जीव घुसमटतो.

दोन्ही तक्रारी हवेच्याच आहेत. १० चौरस मीटरच्या भिंतीत ८० सेंमी रुंदीच्या दाराखाली १ सेंमी फट राहिली, तर ती क्षेत्रफळाच्या ०.०८ टक्के होते. एवढ्या फटीने ५५ डेसिबल अडवणारी भिंत ३१ च्या आसपास येऊन थांबते. दार भरीव लाकडाचं, ४५ मिमी जाड घ्या; पोकळ दाराला कितीही पट्ट्या लावल्या तरी उपयोग नाही. तिन्ही बाजूंना रबरी सील लावा आणि खाली दार मिटताना आपोआप उतरणारी पट्टी बसवा. तपासायला कागदाची पट्टी दारात अडकवून ओढा : ती सहज सरकली तर तिथे सील दबत नाही, बिजागरी सरकवावी लागेल. ड्रमसाठी दोन दारं, एक मूळ भिंतीत आणि एक नव्या.

घुसमटीचं म्हणाल, तर हलकं काम करणारी दोन माणसं तासाला साधारण ४० लिटर कार्बन डायॉक्साइड सोडतात. वरच्या मापाच्या हवाबंद खोलीत त्याचं प्रमाण तासाभरात दशलक्षात ४०० वरून १८०० च्या पुढे जातं. माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा धरा. दोघांसाठी १५ सेंमी व्यासाचा डक्ट (हवा नेणारी नळी) घेतला तर हवेचा वेग सेकंदाला १.१ मीटर राहतो आणि सूं-सूं माइकमध्ये येत नाही. १० सेंमीचा घेतलात तर तोच वेग अडीच मीटर होईल आणि ऐकू येईल. हवा आत येणारा आणि बाहेर जाणारा, दोन्ही डक्ट १८ मिमी प्लायवूडच्या पेटीतून न्या. पेटीत दोन-तीन काटकोनी वळणं आणि आतून आवाज शोषणारं अडीच सेंमी अस्तर. पंखा खोलीबाहेर, लवचिक नळीने जोडलेला.

तळघरात गॅसवर चालणारा हीटर किंवा बॉयलर असेल तर तिथली हवा ओढून बाहेर टाकू नका. धुराड्यातला वायू उलटा खोलीत येऊ शकतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्या यंत्राला स्वतंत्र हवा द्या, अलार्म लावा.

प्रश्न : खोलीच्या मधोमध बसून मिक्सिंग करतो. तिथे बेस जवळजवळ नसतो, मागच्या भिंतीपाशी गेलं की धो-धो घुमतो.

स्पीकर निर्दोष आहेत, बसायची जागा चुकली आहे. समोरासमोरच्या भिंतींमधलं मीटरमधलं अंतर घ्या आणि १७२ ला त्याने भागा. जी कंपनसंख्या येते तिची लाट त्या दोन भिंतींमध्ये जागच्या जागी उभी राहते : काही ठिकाणी तो सूर घुमतो, काही ठिकाणी नाहीसा होतो. ४ मीटरला ४३ हर्ट्झ, ३ ला ५७, २.३ ला ७५. लांबीच्या बरोबर मध्यावर ४३ चा दाब शून्याजवळ येतो आणि भिंतीपाशी कमाल असतो. ४३ हर्ट्झचा सूर लावून हळूहळू मागे चालत जा, तो कानात भरत जाताना स्पष्ट कळेल.

खोलीच्या लांबीकडे तोंड करून, समोरच्या भिंतीपासून ३८ टक्क्यांवर, म्हणजे दीड मीटरवर डोकं येईल असं बसून बघा. तिथून पाच-दहा सेंमी पुढेमागे सरकत सगळ्यात सपाट जागा शोधा. दोन स्पीकर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण, डावं-उजवं अंतर सारखं, ट्वीटर (स्पीकरमधला वरच्या स्वरांचा छोटा भाग) कानाच्या उंचीवर.

मग आवाज शोषणारी पॅनेल. ६० × १२० सेंमीच्या चौकटीत घनमीटरला ५० किलो घनतेचं १० सेंमी रॉकवूल, वर तोंडाने फुंकर मारली तर आरपार जाईल असं कापड. पहिली चार खोलीच्या उभ्या कोपऱ्यांत तिरकी लावा, कारण खर्ज तिथेच साठतो. खुर्चीत बसा, दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. जिथे स्पीकर दिसेल तिथे पॅनेल, भिंतीपासून १० सेंमी सुटं. डोक्यावर छताला एक-दोन. आठ-दहा पॅनेलांत खोली बदलते. सगळ्या भिंती पातळ फोमने मढवल्या तर वरचे स्वर मरतात, खर्ज तसाच घुमत राहतो आणि गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. पॅकिंगचा फोम तर आगीला निमंत्रणच, आणि त्याचा धूर विषारी असतो.

प्रश्न : माइक बंद असला तरी स्पीकरमधून सतत गुणगुण येते.

बहुधा लॅपटॉप आणि इंटरफेस (माइक व स्पीकर लॅपटॉपला जोडणारी पेटी) वेगवेगळ्या प्लगवर आहेत आणि दोघांच्या अर्थिंगमध्ये वळसा झाला आहे. सगळी ध्वनियंत्रणा एकाच सॉकेटवरून चालवा. स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड केबल (बाहेरची गुणगुण रद्द करणारी, दोन सिग्नल-तारांची) वापरा आणि ती विजेच्या वायरला समांतर न नेता काटकोनात ओलांडा. दिवे मंद करणारा डिमर असेल तर एकदा बंद करून ऐका. अर्थिंगची पिन काढून गुणगुण थांबवायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका : यंत्रात बिघाड झाला की धातूच्या माइकला ओठ लावणाऱ्याला विजेचा धक्का बसतो.