डोकं तुटलेला फीतकृमी ओळखायचा कसा?

प्रश्न : बडोद्यात प्राणिशास्त्राचं एमएस्सी करतो. मेक्सिकोतल्या ऑपोसमच्या (पिशवीधारी सस्तन प्राणी) आतड्यातले फीतकृमी 70 टक्के अल्कोहोलमध्ये मिळालेत. बहुतेकांना डोकं नाही. ओळख पटेल?

उत्तर : जातीपर्यंत पोचणं अवघड, पण गट नक्की ठरेल. डोकं बहुधा आतड्याच्या अस्तरातच रुतून राहतं, कृमी ओढून काढला की मान तुटते. म्हणून बाटलीच्या तळाचा गाळही सूक्ष्मदर्शकाखाली बघा.

कृमीच्या शरीराच्या साखळीतले मधले, पक्व खंड घ्या. टोकाचे नकोत, तिथं अंड्यांनी सगळं झाकलेलं असतं. अ‍ॅसिटोकार्मिनमध्ये गडद रंगवा, मग 100 मिली 70 टक्के अल्कोहोलमध्ये 1 मिली हायड्रोक्लोरिक आम्ल घालून, अवयव स्पष्ट दिसेपर्यंत रंग उतरवा. पुढे पाणी काढायला 90 टक्के, मग शुद्ध अल्कोहोल, शेवटी नमुना पारदर्शक करणारं झायलीन. झायलीन दुधाळ झालं तर पाणी राहिलंय. बडोद्याच्या पावसाळ्यात उघड्या बाटलीतलं शुद्ध अल्कोहोल हवेतली ओल ओढतं. नमुना परत ताज्या शुद्ध अल्कोहोलमध्ये न्या.

आता पीतक ग्रंथी (अंड्यांसाठी पोषक पेशी बनवणाऱ्या) शोधा. अंडाशयामागे एकच घट्ट गोळा असेल तर सायक्लोफिलिडिया, म्हणजे सस्तन प्राण्यांत नेहमी आढळणारा फीतकृमींचा गट. दोन्ही कडांना बारीक कणांचे पट्टे असतील तर फार जपा, तो प्रोटिओसेफॅलिड (एरवी मासे, बेडूक, सरपटणाऱ्या प्राण्यांत आढळणारा गट) असू शकतो : सस्तन प्राण्यातला पहिला प्रोटिओसेफॅलिड, थॉमॅसिओस्कोलेक्स डिडेल्फिडिस, 2001 मध्ये मेक्सिकोतल्या ऑपोसममधूनच नोंदला गेला. यजमान सस्तन आहे म्हणून सायक्लोफिलिडिया धरून चालू नका.

रंगवण्याआधी दोन-तीन खंड डीएनएसाठी 95 टक्के अल्कोहोलमध्ये वेगळे ठेवा. फॉर्मॅलिन अजिबात नको.