आधी कशा होत्या, ते विचार

प्रिय बेटा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सत्तरीच्या आजींना तीसपैकी चौदा गुण पडले, वरिष्ठांनी ‘स्मृतिभ्रंश’ लिहायला सांगितलं, तू लिहिलंस. मग संध्याकाळी त्याच आजी दवाखान्याच्या फाटकाशी रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडताना आणि सुटे पैसे चोख मोजून घेताना तुला दिसल्या. तेव्हापासून तू म्हणतेस की कागद-पेन्सिलीच्या चाचण्या खोट्या, खरं काय ते स्कॅनमध्येच दिसतं, म्हणून हे सोडून बंगळूरला इमेजिंगच्या प्रयोगशाळेत जावं. जायचं असेल तर खुशाल जा. पण या कारणासाठी जाऊ नकोस.

अख्ख्या पत्रात तू एकदाही लिहिलेलं नाहीस की त्या आजी आधी कशा होत्या.

शाळेचं तोंड पाहिलं होतं का? घरचा हिशोब कोण बघायचं? सोबत सून होती की शेजारीण, आणि काय बदललंय असं तिचं म्हणणं होतं? ऐकू नीट येतं का, डोळ्यांत मोतीबिंदू आहे का? स्मरणशक्ती कमी झाली म्हणायचं तर आधी किती होती हे कळायला नको? निवृत्त हेडमास्तरांना तीसपैकी सत्तावीस पडले तरी आजाराची सुरुवात झालेली असू शकते. ऊसतोडीत आयुष्य गेलेल्या बाईला अठरा पडले तरी ती ठणठणीत असू शकते. हे तुला माहीत आहे. परीक्षेत लिहिलंही असशील. मग ओपीडीत गर्दी झाली की कुठं जातं?

तू घेतलीस ती एमएमएसई, म्हणजे स्मृती आणि आकलन तपासणारी तीस गुणांची चाचणी, १९७५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. शंभरातून सात-सात वजा करा, एक वाक्य लिहा, एकमेकांत अडकलेले पंचकोन काढा. जिनं जन्मात पेन्सिल धरली नाही तिचा हात तिथं अडणारच. हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांत काम करणाऱ्या गटानं हे ओळखून १९९५ मध्ये हिंदी आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यात वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी सांगायचं असतं. मी लातूरला तारखेसोबत ‘येळवस झाली का व्हायचीय?’ हेही विचारत असे, येळवस म्हणजे आपल्याकडचा वेळ अमावास्येचा सण. ज्यांना इंग्रजी महिना सांगता येत नव्हता, त्यातल्या कितीतरी बाया किती दिवस उरलेत ते सांगून वर भज्जीला काय काय लागतं तेही ऐकवायच्या. आणि एखादीला तेही सांगता आलं नाही, तर मला खरी काळजी वाटायची.

रशियन मानसशास्त्रज्ञ लुरिया १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानात गेला, तेव्हा त्यानं निरक्षर शेतकऱ्यांना कोडं घातलं. उत्तरेकडं बर्फात सगळी अस्वलं पांढरी असतात, अमुक गाव उत्तरेला आहे, तर तिथलं अस्वल कोणत्या रंगाचं? उत्तरं आली, आम्ही तिकडं गेलो नाही, न पाहिलेलं कसं सांगावं. त्याच भागातले थोडीफार शाळा झालेले लोक कोडं सोडवत होते. म्हणजे फरक पडला तो शाळेनं आणि जगण्याच्या रीतीनं. आपल्याकडच्या किती रुग्णांनी मला हुबेहूब तसंच उत्तर दिलंय! तिथं शून्य लिहून पुढं जाणाऱ्याचा मला अजूनही राग येतो.

तुला वाटेल, बाई चाचण्यांच्या विरोधात आहेत. मुळीच नाही. चाचणी माणसाच्या मापाची हवी, एवढंच. औशाकडचे एक गृहस्थ उजव्या मेंदूच्या झटक्यानंतर आमच्याकडं आले होते. ताटातली डावीकडची भाकरी तशीच राहायची आणि घरचे म्हणायचे, जेवण जात नाही. मी बायकोला विचारलं, आधी काय करायचे? गावचे कोतवाल होते, घर अन् घर पाठ. मग कागद बाजूला ठेवला आणि म्हटलं, वेशीतून आत या, पारापर्यंत कुणाकुणाची घरं लागतात? त्यांनी फक्त उजव्या हाताची घरं सांगितली. आता पारावरून वेशीकडं तोंड करा म्हटल्यावर मघाशी गाळलेली सगळी घरं आली आणि मघाची गेली. इटलीत मिलानमध्ये बिसियाक आणि लुझ्झाती या संशोधकांनी १९७८ साली तिथल्या कॅथेड्रलच्या चौकाबद्दल विचारून हेच दाखवलं होतं. घरं आठवणीत शाबूत होती, डाव्या बाजूकडं लक्षच वळत नव्हतं. कोतवाल होते हे विचारलं नसतं, तर हा प्रश्न सुचला असता का?

भावनांच्या बाबतीत तर हे आणखी खरं. मोटारसायकलवरून पडून कपाळामागच्या भागाला मार बसलेला तरुण दुकानदार बुद्धीच्या सगळ्या चाचण्या व्यवस्थित सोडवतो, आणि बायको कोपऱ्यात रडत सांगते, ‘मॅडम, घरी आलेला माणूस दुसराच हाय.’ तिचं बोलणं ही सुद्धा नोंदच आहे, ती लिही. १८४८ मध्ये पहार डोक्यातून आरपार गेलेला फिनिअस गेज आपल्या शास्त्राला ठाऊक आहे, कारण अपघाताआधी तो कसा होता हेही डॉक्टर हार्लोनं लिहून ठेवलं. नुसती कवटीतली भोकं मोजली असती तर स्वभावाबद्दल आज काय हाती लागलं असतं? आणि स्कॅनचं म्हणशील, तर एच. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या, मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नव्या आठवणी साठवता न येणाऱ्या रुग्णावर ती शस्त्रक्रिया झाली १९५३ ला, आणि त्याचा एमआरआय निघाला १९९० नंतर. मधल्या काळात मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनरनं आरसा, पेन्सिल आणि चिकाटी एवढ्यावर स्मृतीचे वेगवेगळे प्रकार दाखवून दिले.

आता माझं ऐक. लोक म्हणतात, हिनं लातूर सोडलं नाही म्हणून हिचं नाव झालं नाही, पेपर मोजकेच आले. मोजकेच आले, खरंय. एका नियतकालिकानं लेख परत पाठवताना लिहिलं, नमुना एकाच भागातला आहे. एकाच भागातला होताच! त्याच भागातल्या निरोगी माणसांना साधारण किती गुण पडतात, याचे निकष हवे होते. आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेनं बोधन चाचण्यांचा, म्हणजे स्मृती, भाषा, लक्ष तपासणाऱ्या चाचण्यांचा, संच केला तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळममध्ये, आपली भाषा राहिली. याची मला रोज हळहळ वाटते, आणि हेच काम उरापोटावर घेऊन इथं राहिले याचं दुःख मात्र वाटत नाही. एका रुग्णामागं मी तास घालवायची, बाहेर रांग लागायची, वरून बोलणी बसायची. तरी घाई केली नाही. आजही करणार नाही.

मेंदूविकारतज्ज्ञ सुवर्णा अल्लादी यांच्या गटानं हैदराबादेत स्मृतिभ्रंशाचे ६४८ रुग्ण तपासले आणि २०१३ मध्ये सांगितलं की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सुमारे साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला, निरक्षरांतसुद्धा. नांदेडच्या सीमेवर मराठी-तेलुगू, औरंगाबादेत (आताच्या छत्रपती संभाजीनगरात) दखनी, तांड्यावर गोरमाटी ही बंजारा बोली आणि मराठी. असा प्रश्न विचारायला मराठवाड्याहून चांगली जागा तुला कुठली मिळणार? बंगळूरला गेलीस तरी हा प्रश्न घेऊन जा, आणि तिथलं यंत्र याच्या कामी लाव.

तोवर एवढं कर. त्या आजींच्या घरचं माणूस पुन्हा बोलावून घे. बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी झालीय का बघ, त्यांच्या कमतरतेनंही विसर पडतो. निदान बदलायचं असेल तर वरिष्ठांशी समोर बसून बोल, फाइलवर परस्पर खाडाखोड करू नकोस. रुग्णांची नावं काढलेल्या माझ्या वह्या इथं कपाटात आहेत. नैतिकता समितीची परवानगी काढ आणि घेऊन जा. प्रत्येक पानावर पहिला रकाना ‘आधी कसे होते’ याचा आहे, गुण शेवटच्या रकान्यात आहेत. पहिला रकाना रिकामा असेल ती नोंद निकषांत धरू नकोस, गुण कितीही पूर्ण दिसले तरी.

तुझी,
मॅडम